बिजागरीजवळचं केळं

माझ्या दुकानात हत्यारांच्या फळीशेजारी एका खिळ्याला केळ्यांची फणी टांगलेली असते. रोज नाही. ज्या दिवशी एखाद्या गाडीच्या डिक्कीचं दार बटणावर उघड-मिट होणारं करून द्यायचं असतं, त्याच दिवशी. नवीन गिऱ्हाईक विचारतं, आज कसली पूजा? पूजा नसते. जळगाव शेजारचा जिल्हा, त्यामुळे धुळ्यात बाराही महिने केळी मिळतात, आणि माझ्या कामात त्यांचा उपयोग पान्ह्याइतकाच आहे. तो कसा, हे सांगायला मला आधी एका वाईट दिवसापर्यंत जावं लागेल.

मी आयटीआयला वायरमन शिकलो आणि १९९४ साली आग्रा रोडवरच्या एका गॅरेजात लागलो. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. त्यामुळे इथल्या गॅरेजवाल्याला काम शोधावं लागत नाही, ते दारात येऊन उभं राहतं. आमच्याकडे सगळे ट्रक. चोवीस व्होल्टचं काम, डायनामो, सेल्फ, हेडलाइट, वायपर. उस्तादांनी पहिल्या महिन्यात एकच गोष्ट शिकवली: दिवा लागत नसेल तर दिवा बदलू नकोस, आधी अर्थिंग बघ. गाडीच्या पत्र्याला नीट न टेकलेली एक काळी वायर माणसाला दोन दिवस फिरवते. तीस वर्षांनी आजही माझी निम्मी दुरुस्ती तिथेच संपते.

पुढे स्वतःचं छोटं दुकान काढलं. ट्रक कमी झाले, कार वाढल्या. सेंट्रल लॉक, पॉवर विंडो, रिव्हर्स कॅमेरा, टेप. २०१६च्या अखेरीस नवी फॉर्च्युनर आली आणि तिचं मागचं दार बटण दाबल्यावर आपोआप वर जायचं. खान्देशात लग्नाच्या मंडपाबाहेर अशी एक गाडी उभी राहिली की चार माणसं बाजूला उभी राहून ते दार बघत. पुढच्याच वर्षी कापसाच्या व्यापारातला एक तरुण त्याची इनोव्हा क्रिस्टा घेऊन आला. म्हणाला, "भाऊ, हाई दार तसं आपोआप उघडस का?" मी तसलं काम कधी केलेलं नव्हतं, तरी हो म्हणालो. तेव्हा मला वाटलं होतं की मोटर बसवायची, वायर ओढायची, झालं.

किट मुंबईहून मागवलं. डिक्कीच्या दाराला दोन्ही बाजूंना जे दांडे असतात, ज्यांना आम्ही शॉकर म्हणतो, त्यांत मोठ्या दाबाचा नायट्रोजन आणि थोडं तेल असतं. दाराचं वजन तो वायू पेलतो, म्हणून आपल्याला ते हलकं लागतं. किटमध्ये हे शॉकर काढून त्यांच्या जागी तसेच दिसणारे पण आतून निराळे दांडे लावायचे. त्या प्रत्येकात एक छोटी मोटर, तिच्यापुढे दात्यांचा डबा, आणि त्याच्यापुढे लांब आटे पाडलेला स्क्रू. मोटर फिरली की स्क्रू फिरतो आणि दांडा लांब किंवा आखूड होतो. भोवती जाड स्प्रिंग असते, ती वजन पेलते. मोटरने फक्त हलवायचं काम करायचं.

कुलूपही बदलावं लागतं. नवं कुलूप दार शेवटच्या काही मिलिमीटरवर आलं की स्वतःच्या मोटरने आत ओढून घेतं. आणि या सगळ्याच्या वर एक कंट्रोल बॉक्स. मोटरचे किती फेरे झाले हे तो मोजतो, तिने किती करंट ओढला हे बघतो, आणि त्यावरून दार कुठे आहे आणि काही आड आलंय का, हे ठरवतो.

पहिल्या गाडीला मला दोन दिवस लागले. छताची ट्रिम उतरवताना तीन क्लिपा तुटल्या, त्या मी पदरच्या पैशाने आणल्या. दाराच्या बिजागरीपाशी एक रबरी बूट असतो, त्यातून सगळ्या वायरी दारात जातात. त्या अरुंद नळीतून नवा हार्नेस घालायला पहिल्या दिवशीची पूर्ण दुपार गेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दार पहिल्यांदा स्वतःहून वर गेलं तेव्हा आजूबाजूचे सगळे गॅरेजवाले हातातलं काम टाकून आले. मला झालेला आनंद मी लपवणार नाही. सेल्फ दुरुस्त केल्याचं कौतुक कोणी करत नाही.

त्या रबरी बुटाकडे मी नंतर फार आदराने बघायला लागलो. दार जितक्या वेळा उघडतं तितक्या वेळा त्यातली प्रत्येक वायर वाकते. साधी कडक वायर घातली तर वर्ष-दीड वर्षात आतल्या तारा एकेक करून तुटतात, बाहेरून काहीच दिसत नाही, आणि दार कधी चालतं, कधी चालत नाही. आता मी तिथे बारीक तारांची, मऊ सिलिकॉन आवरणाची वायरच वापरतो आणि बुटाच्या आत एकही जोड ठेवत नाही.

धुळ्याच्या हवामानाने मला जे शिकवलं ते कुठल्याही किटच्या कागदावर छापलेलं नव्हतं. स्वस्तातल्या किटांमध्ये एकाच बाजूला मोटरचा दांडा येतो आणि दुसऱ्या बाजूला जुना वायूचा शॉकर तसाच ठेवायचा असतो. अशा काही गाड्या मी एका मे महिन्यात केल्या. दार बसवल्यावर बॉक्सला शिकवावं लागतं. आम्ही त्याला लर्निंग म्हणतो. दार पूर्ण मिटायचं, पूर्ण उघडायचं, त्या एका फेरीत कुठल्या टप्प्यावर मोटरला किती जोर लागतो हे बॉक्स नोंदवून ठेवतो. मी हे सगळं भर दुपारी केलं. डिसेंबरात एका पाठोपाठ एक फोन. सकाळी दार अर्धं उघडतं, थांबतं आणि परत खाली येतं. दहा वाजता ऊन आलं की ठीक. मी वायरी तपासल्या, अर्थिंग तपासलं, बॅटरी तपासली. सगळं बरोबर.

उत्तर मिळालं ते बाकावर बसलेल्या एका निवृत्त विज्ञान शिक्षकांकडून. ते स्वतःच्या गाडीचा हॉर्न दुरुस्त करायला आले होते. त्यांनी माझ्याकडून खडू मागून घेतला आणि शटरवरच गणित मांडलं. बंद नळीतल्या वायूचा दाब तापमानाबरोबर बदलतो, पण तापमान मोजायचं ते उणे २७३ अंशांपासून. मे महिन्यातले ४४ अंश म्हणजे ३१७. डिसेंबरच्या पहाटे धुळ्यात पारा सहापर्यंत उतरतो, म्हणजे २७९. शॉकरचा जोर बारा टक्क्यांनी, म्हणजे जवळपास आठव्या हिश्श्याने कमी. त्यात ग्रीस घट्ट झालेलं, दाराचं रबर कडक झालेलं. मोटरला जास्त करंट ओढावा लागतो, आणि बॉक्सला वाटतं की दाराच्या आड काहीतरी आलंय. तो आपलं काम इमानदारीने करतो आणि दार परत फिरवतो.

पुढच्या उन्हाळ्यात याचीच दुसरी बाजू कळली. जानेवारीत लर्निंग केलेल्या दोन गाड्या मे महिन्यात मिटेनात. तापलेला शॉकर दाराला वर ढकलत होता, मोटरला खाली ओढायला जास्त जोर लागत होता, बॉक्सला पुन्हा अडथळा वाटत होता. ज्या गावात वर्षभरात पाऱ्याचा एवढा चढउतार होतो, तिथे एका बाजूला मोटर आणि दुसऱ्या बाजूला वायू, ही जोडी चालत नाही. मी ते किट बंद केलं. दोन्ही बाजूंना मोटरचे दांडेच लावतो आणि गाडी एक रात्र दुकानात ठेवून घेऊन लर्निंग सकाळी साडेसहाला आणि दुपारी तीनला, दोनदा तपासतो. गिऱ्हाइकाला एक दिवस जास्त थांबावं लागतं. ज्याला घाई आहे त्याला मी दुसरं दुकान सांगतो.

आता तो वाईट दिवस. २०१९ साल. एक कुटुंब, गाडी नवी, घरात पाच वर्षांचा मुलगा. गाडी ताब्यात देताना मी नेहमीप्रमाणे दार मिटायला लावलं आणि खालच्या कडेखाली माझा हात धरला. दार हाताला टेकलं, थांबलं, वर गेलं. आईवडील दोघांनी बघितलं. आठ दिवसांनी ते परत आले तेव्हा मुलाच्या दोन बोटांना पट्टी होती. एक्स-रेमध्ये हाड शाबूत निघालं होतं, पण दोन्ही नखं काळी पडली होती. मुलगा डिक्कीत चढून उभा होता आणि त्याने हात वरच्या बाजूला, छत आणि दार यांच्या फटीत ठेवला होता. वडील काही बोलले नाहीत. आई म्हणाली, "दादा, तुम्ही आमच्यासमोर हात धरून दाखवला होता ना?"

या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी खोटं दाखवलं नव्हतं. पण मी हात धरला होता तो खालच्या कडेला, बिजागरीपासून सुमारे एक मीटरवर. तिथे आठ किलोचा जोर लागला की बॉक्स दार फिरवत होता. मुलाचा हात बिजागरीपासून वीतभर अंतरावर होता. दाराच्या मोटरला एकूण पीळ तेवढाच जाणवायला हवा असेल, तर पाचपट जवळ पाचपट जोर. तिथे चाळीस किलो लागल्याशिवाय बॉक्सला काही कळणारच नाही. सुपारी आपण अडकित्त्याच्या टोकाशी कधी ठेवत नाही, खिळीजवळ ठेवतो. ही गोष्ट माझ्या आजीला ठाऊक होती आणि मी, पंचवीस वर्षं हत्यारं हाताळणारा माणूस, विसरलो होतो.

मी त्याच दिवशी किट काढलं, जुने शॉकर आणि जुनं कुलूप परत लावलं, सगळे पैसे परत केले. त्यानंतर चार महिने हे काम केलं नाही. कोणी विचारलं तर नाही म्हणून सांगायचो.

परत सुरू केलं ते केळी घेऊन. अर्धं पिकलेलं केळं खालच्या कडेला मधोमध धरायचं, मग दोन्ही कोपऱ्यांत, मग बाजूच्या कडांना मध्यावर. या प्रत्येक जागी दार फिरलंच पाहिजे आणि केळ्याची साल फुटता कामा नये. फुटली तर गाडी त्या दिवशी जात नाही. बाजूच्या कडांना मी दाबताच सिग्नल देणारी रबरी पट्टी लावून घेतो, तिचा खर्च वेगळा सांगतो आणि ती नको म्हणणाऱ्याचं काम घेत नाही. शेवटचं केळं बिजागरीजवळच्या फटीत. तिथे ते आजही फुटतं. बॉक्स कितीही चांगला असो, त्या जागेची खात्री मी देऊ शकत नाही, आणि म्हणूनच ते केळं मी एकटा असताना फोडत नाही. घरातल्या मुलांना घेऊन या, असं आधीच सांगून ठेवतो. मुलं समोर उभी असतात, दार खाली येतं, केळं चिरडतं. त्यानंतर मला भाषण करावं लागत नाही.

दार मिटताना भोंगा वाजलाच पाहिजे आणि मिटायचा वेग कमीच ठेवायचा, हेही तेव्हापासून. पुष्कळ जण म्हणतात, भाऊ, हळू वाटतं, जरा वाढवा. मी वाढवत नाही.

या कामाला मी बरीच वर्षं हौसेचं काम समजत होतो. देवपुरातल्या एका काकूंनी ते बदललं. वय पासष्टच्या पुढे, उजवा खांदा धरलेला. यजमानांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यायचं, गाडी त्या स्वतः चालवायच्या, डिक्कीत घडीची व्हीलचेअर. दार उघडलं की त्याची कड त्यांच्या डोक्याच्या वर जायची. मिटायला हात पुरायचा नाही, पुरला तर खांद्यात कळ यायची. दवाखान्याबाहेर कोणी ओळखीचं येईपर्यंत त्या दार उघडं ठेवून उभ्या राहायच्या. मला म्हणाल्या, "रोज कोणाला तरी विनंती करायचा कंटाळा आलाय हो."

त्यांच्या गाडीला मी दार किती उंचीवर थांबावं हे त्यांच्या हातावरून ठरवलं. बहुतेक किटांमध्ये दार हवं तिथे थांबवून बटण काही सेकंद दाबून धरलं की ती उंची लक्षात राहते. इतकी वर्षं मी ही सोय फक्त ठेंगण्या छताच्या पार्किंगसाठी सांगत होतो, दार छताला आपटू नये म्हणून. माणसाच्या उंचीसाठी ती आहे हे मला काकूंना उभं करून मोजताना कळलं. बंपरखाली पाय हलवून दार उघडायचा सेन्सरही लावला, कारण त्यांचे दोन्ही हात यजमानांच्या दंडाला असायचे. हा सेन्सर मी एरवी टाळतो. स्वस्तातले सेन्सर जवळ किल्ली आहे की नाही हे बघतच नाहीत. एका गाडीचं दार वॉशिंग सेंटरवर पाण्याच्या फवाऱ्याने आपोआप उघडलं होतं आणि आतलं सगळं सामान भिजलं होतं. काकूंच्या गाडीला किल्ली ओळखणारा लावला आणि पाय कसा हलवायचा याचा वीस वेळा सराव करून घेतला: आत न्यायचा, लगेच बाहेर घ्यायचा, मध्येच थांबवायचा नाही.

बॅटरीचं थोडं सांगतो. बंद गाडीतही बॉक्स जागा असतो, रिमोटची वाट बघत. चांगल्या गाडीत सगळं मिळून पन्नास मिलिअँपिअरपर्यंत करंट जायला हरकत नाही. माझ्याकडे दुसरीकडे काम केलेली एक गाडी आली, ती तीनशे ओढत होती. म्हणजे दिवसाला सात अँपिअर-अवरच्या वर. साठच्या बॅटरीला आठ दिवस पुष्कळ झाले. कुटुंब यात्रेला गेलं होतं, परत आल्यावर गाडी मेलेली, आणि मागच्या दाराचं नवं कुलूप हाताने उघडायची काही सोयच ठेवलेली नव्हती. मी आता प्रत्येक कुलपाला एक बारीक केबल बांधून ती आतल्या ट्रिमच्या मागे आणून ठेवतो. मागची सीट पाडून आत वाकलं की ती हाताला लागते. मुख्य वायर थेट बॅटरीवरून घेतो आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर. फ्यूज मागे डिक्कीत ठेवला तर मधल्या पंधरा फूट वायरीला कोणी राखणदार नसतो.

आपल्याकडची काळ्या मातीची धूळही परीक्षा घेते. गाडी धावताना तिच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि धूळ मागच्या दाराकडे ओढली जाते. कुलपाने दार दोन मिलिमीटर कमी ओढलं तरी साक्री किंवा शिंदखेड्याच्या आतल्या रस्त्यावर एक फेरी झाली की बॅगांवर थर बसतो. रबरावर खडूची पूड लावून दार मिटायचं आणि उघडून बघायचं. पत्र्यावर चारी बाजूंना सलग पांढरी रेघ उमटली पाहिजे.

माझ्याकडे विचारायला येणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांना मी हे काम करून देत नाही. बोलेरो, स्कॉर्पिओ या आमच्या भागातल्या लाडक्या गाड्या. त्यांचं मागचं दार बाजूला उघडतं, वर जात नाही. वर जाणाऱ्या दारांची ही किट त्यांना लागत नाहीत, आणि ओढूनताणून बसवणाऱ्यांच्या नादी लागू नका असं मी सांगतो. दुसरे येतात ते "डिक्की जड झाली" म्हणून. त्यांच्या शॉकरमधला वायू गळालेला असतो. नवी जोडी लावली की दार पहिल्यासारखं, आणि खर्च किटच्या दहाव्या हिश्श्यात. पारोळा रोडवरून एक आबा आले होते. "माले डिक्की लावता येत नही," म्हणाले. हात पुरत नव्हता, एवढंच. दाराच्या आतल्या कडीला मी नायलॉनची एक पट्टी बांधून दिली. ती ओढली की दार खाली. साठ रुपये झाले. आबा अजून त्या पट्टीनेच डिक्की लावतात.

नवी गाडी असेल तर मी आणखी दोन गोष्टी आधी बोलतो. कंपनीच्या वायरी कापल्या तर वॉरंटीवर परिणाम होतो, म्हणून मूळ कपलरला कपलर जोडणारंच किट घ्यायचं. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ बनावटीतल्या बदलांबद्दल आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलाला मालकालाच दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही, होऊ शकते. म्हणून आरटीओत आणि विमा कंपनीत आधी लेखी विचारा, मग या. काही जण परत येत नाहीत. आता तर टाटांनी २०२३च्या हॅरियरमध्ये असं दार कंपनीतूनच दिलं. परवडत असेल तर कारखान्यातून आलेलं दार घेणं केव्हाही चांगलं, हे मी माझ्याच धंद्याच्या विरोधात जाऊन सांगतो. त्यांच्याकडे हजारो वेळा उघड-मिट करून बघायला यंत्रं असतात. माझ्याकडे एक शटर, एक मल्टीमीटर आणि एक फणी.

दोन वर्षांपूर्वी एक ओळखीची गाडी हॉर्नच्या कामाला दुकानासमोर थांबली. त्यातून तोच मुलगा उतरला, आता चौथी-पाचवीतला. बोटं नीट झालेली, नखं नवी आलेली. त्याने खिळ्याला टांगलेली फणी बघितली आणि विचारलं, आज कोणाची गाडी आहे? मी सांगितलं. तो वडिलांना थांबवून दार मिटेपर्यंत उभा राहिला.

तुम्ही कुठल्याही गावात, कोणाकडूनही असं दार बसवून घ्याल, तेव्हा त्याने खालच्या कडेला हात धरून दाखवला म्हणून लगेच पैसे देऊ नका. जाताना दोन केळी घेऊन जा. एक बिजागरीजवळच्या फटीत धरायला सांगा, आणि त्या वेळी घरातली मुलं तिथे उभी असू द्या.